एक दगड, मग दुसरा

फार पूर्वी, गडागडावर वेगळा राजा नांदत होता तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका गडाला शत्रूने वेढा घातला. नवव्या दिवशी राजा तहाला तयार झाला. शत्रूच्या सेनापतीने निरोप धाडला, "तह तुमच्याच राज्याच्या कागदावर, तुमच्या शिक्क्यानिशी हवा. तो येईपर्यंत पायथ्याच्या पेठेतली एकेक आळी मी जाळत राहीन."

गडावरचं कागदाचं कोठार तर आगीत खाक झालं होतं. किल्लेदार धावत हमीदाबीकडे आला. गडावर कागद करणारी ती एकटीच. तिच्या हौदात चिंध्यांचा लगदा होता, जेमतेम दहा कागदांपुरता. आणि तिची लेक, तान्ह्या बाळाला घेऊन, पेठेतल्या तिसऱ्या आळीत राहत होती.

हमीदाबीने हौदातल्या लगद्यातून चाळणीवर आठ ओले कागद उचलले, मध्ये घोंगडीचे तुकडे घालून एकावर एक रचले आणि वर फळी ठेवली. आता फळीवर वजन ठेवून कागदांतलं पाणी काढायचं होतं. तिने एक दगड ठेवला.

"एकच?" किल्लेदार ओरडला. "सगळे ठेवा एकदम."

असं करू नये, हे तिला ठाऊक होतं. पण त्याचा हात तलवारीच्या मुठीवर होता. तिने शब्द गिळले.

शिपायांनी सगळे दगड एकदम लादले. फळीखालून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. किल्लेदाराला हायसं वाटलं. फळी काढली, तर आठही कागदांचा चोथा झाला होता.

तेवढ्यात खालून धूर चढला. पहिली आळी पेटली होती.

उरलेल्या लगद्यातून हमीदाबीने दोन कागद उचलले. किल्लेदार पुन्हा दगडांकडे वळला, तशी ती आडवी आली.

"सरकार, पाण्याला बाहेर पडायला वेळ लागतो. तो दिला नाही, तर पाणी कागद फोडून बाहेर येतं. मघाशी मी भ्याले, बोलले नाही."

"आणि तोवर पेठ जळाली तर?"

"माझी लेक आहे तिथे," ती म्हणाली.

किल्लेदार बाजूला झाला.

तिने एक दगड ठेवला. पाण्याची धार लागली. धार बारीक होईपर्यंत ती थांबली, मग दुसरा ठेवला. खाली दुसरी आळी पेटली. किंकाळ्या वर ऐकू आल्या. तिचा हात आपसूक उरलेल्या सगळ्या दगडांकडे गेला. दुसऱ्या हाताने तिने तो घट्ट धरला आणि थेंब मोजत राहिली. तिसरा दगड. चौथा. शेवटी ठिबकणं थांबलं.

कागद अखंड निघाले. उन्हाने तापलेल्या भिंतीवर ते लवकर वाळले. तह लिहिला गेला, शिक्का उमटला, स्वार सुटला. तो पोचला तेव्हा शत्रूचे शिपाई मशाली घेऊन तिसऱ्या आळीच्या तोंडाशी उभे होते. तह पाहून सेनापतीने त्यांना मागे बोलावलं.

लेक बाळाला घेऊन गडावर आली. हमीदाबीने दोघांना जवळ घेतलं, पण तिची नजर मागून येणाऱ्या, घरं गमावलेल्या लोकांवर होती.

"पहिला उशीर माझ्यामुळे झाला," किल्लेदार त्यांना म्हणाला.

"माझ्यामुळेही," हमीदाबी म्हणाली. "मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

म्हणून बाळांनो, भीती कितीही मोठी असली तरी कामाला लागणारा वेळ त्याला द्यावा, आणि जे ठाऊक आहे ते वेळीच बोलावं.