बत्तिसाव्या रांगेतली साल

"पंचवीस मिनिटं! एक विमान झाडायला पंचवीस मिनिटं!"

गाल्मेगी एअरचे मालक कु बोंग-चोल गरजले. समोर बारा अधिकारी उभे होते. उभे, कारण खोलीत खुर्च्याच नव्हत्या. बसलेला माणूस लांबण लावतो, असं मालकांचं मत होतं. असल्याच काटकसरीवर त्यांनी दोन जुन्या विमानांची कंपनी नऊ विमानांवर नेली होती. तिकीट स्वस्त, बाकी सगळ्याला पैसे. पाण्यालासुद्धा. उशी मागणाऱ्याकडे हवाई सुंदरी नुसतं दयेनं पाहायची.

आता जेजू बेट ते सेऊल या मार्गावर मालकांना रोज एक फेरी वाढवायची होती. नवं विमान न घेता!

"उडतं तेव्हा ते विमान. उभं असतं तेव्हा टपरी! सेऊलला उतरल्यापासून पंधरा मिनिटांत ते झाडून तयार पाहिजे. माणूस वाढवायचा नाही, पैसा खर्चायचा नाही. आणि प्रवाशांना 'कचरा उचला' म्हणायचं नाही. गिऱ्हाईक आहे ते!"

अधिकाऱ्यांनी समिती नेमली. समितीने अहवाल दिला. अहवालात दुसरी समिती नेमण्याची शिफारस होती.

तेव्हा मालकांनी विमान झाडणाऱ्या चार बायकांनाच बोलावून त्याच अटी सांगितल्या. "शनिवारपर्यंत जमवा. नाहीतर सोमवारपासून येऊ नका!"

तिघींनी माना खाली घातल्या. चौथी यांग मि-सुक. जेजूच्या एका संत्र्यांच्या बागायतदाराची लेक. अकरा वर्षं सेऊलला विमानं झाडत होती.

"साहेब, हा कचरा आमच्या माहेरचाच," ती म्हणाली. "जेजूहून येणारा प्रत्येक जण संत्र्यांची पेटी घेऊन चढतो आणि वाटभर खातो. साली सीटखाली. त्यात चाकं टेकली की सगळे उठून मधल्या वाटेत उभे! दार बंद असतं, तरी उभे! दहा मिनिटं त्या कोंडीतच जातात."

"कारणं नकोत!"

"कारण नाही, औषध सांगतेय. शनिवारी जेजूहून येणाऱ्या एका फेरीत मला बसू द्या. तुम्हीही या, घड्याळ घेऊन."

"आणि तिकीट?"

"तुमचं तुम्ही काढा!"

बाराही अधिकारी एकदम आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

शनिवारी मालकांनी स्वतःच्याच कंपनीचं सर्वांत स्वस्त तिकीट काढलं. बत्तिसावी रांग, शेवटची, मधली जागा. शेजारच्या आजीबाईंनी संत्री पुढे केली. फुकट होती म्हणून मालकांनी सात खाल्ली.

उतरायला वीस मिनिटं असताना मि-सुकने हवाई सुंदरीकडून एक घोषणा करवली. "मंडळी, आज उतरायची पद्धत नवी आहे. जिची जागा स्वच्छ, ती रांग आधी उतरेल. जिच्यात एक जरी साल सापडली, ती सगळ्यांच्या शेवटी! नंबर लागेपर्यंत बसून राहायचं. कचऱ्याची पिशवी एकदाच फिरेल."

सेऊलचा माणूस काहीही सोसतो, पण दुसऱ्याच्या मागे थांबणं त्याला सोसत नाही. विमानात एकच धांदल उडाली! एका सद्‌गृहस्थांनी आपला टाय काढून सीट पुसली. बाविसाव्या रांगेने तेविसाव्या रांगेवर साल सरकवल्याचा आरोप केला. पंधराव्या रांगेत पाहणी करायला दोघे पंच नेमले गेले.

"अहो, साली तुमच्या!" आजीबाईंनी मालकांना कोपराने ढोसलं. "वाका! नातवाच्या लग्नाला जायचंय मला!"

मालक वाकले. मग गुडघ्यांवर आले. एक साल सीटच्या पायात अडकली होती. ती त्यांनी सोन्याच्या टोपणाच्या पेनाने कोरून काढली आणि पिशवीत टाकली. वर आले ते लढाई जिंकल्यासारखे!

विमान टेकलं. कंपनीच्या इतिहासात प्रथमच कोणी उठलं नाही. सगळ्याच रांगा स्वच्छ निघाल्या, तेव्हा पुढून एकेक रांग सुरळीत उतरली. मि-सुकच्या तिघी मैत्रिणी आत शिरल्या आणि बाहेर आल्या. घड्याळात बारा मिनिटं!

पण मालक हार मानणारे नव्हते. "बाई, अट मोडलीत! माझ्या प्रवाशांना कामाला लावलंत!"

"मी? मी फक्त उतरायचा क्रम सांगितला, साहेब. ज्याला सावकाश उतरायचं होतं, त्याने खुशाल साली पसरून बसायचं होतं."

"पण सगळे खाली वाकले होते!"

"सगळे म्हणजे कोण कोण?"

मालक घड्याळाकडे पाहू लागले.

"तुमच्या गुडघ्याला साल चिकटलीये," मि-सुक म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं वाकायला?"

मालकांनी गुडघ्याकडे पाहिलं आणि असे हसले, असे हसले, की पोट धरून विमानाच्या पायरीवरच बसले! मग खाली स्वागताला उभे असलेले अधिकारीही हसले, आपापल्या हुद्द्याच्या क्रमाने.

"चौघीही कामावर कायम! आणि नऊही विमानांची झाडलोट आजपासून तुमच्या हाताखाली. आणखी काय हवं, मागा!"

"बैठकीला यावं लागेल ना?"

"दर सोमवारी."

"मग एक खुर्ची."

मालकांचा चेहरा सात संत्री आंबट निघाल्यासारखा झाला. पण शब्द दिला होता.

सोमवारी बैठक भरली. बारा अधिकारी उभे, मालकही उभे. मधोमध कंपनीच्या एकुलत्या एक खुर्चीत मि-सुक संत्रं सोलत बसली होती. शेवटची साल निघाली तशी तिने नुसतं वर पाहिलं.

मालकांनी मुकाट्याने पिशवी पुढे धरली.