अंगणाकडे बोट

वेळ सकाळी अकराची, वार सोमवार. जागा बोरखेडीची कचेरी, म्हणजे अनंतराव मुन्सफांच्याच घराची ओसरी. पुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, मागे माजघरात त्यांचा संसार. आपल्या पणजोबांच्याही आजोबांनी पाहिलेली ही गोष्ट.

अनंतराव आधी वकील होते, मग न्यायाधीश झाले. ते निकाल वाचू लागले की झाडावरचे कावळेही गप्प बसत, असं म्हणतात. कचेरीत जायच्या आधी त्यांच्या पत्नी रोज त्यांच्या पगडीशेजारी एक पांढरं फूल ठेवत.

त्या सोमवारी सगुणा नावाची विधवा समोर उभी होती. दीर म्हणत होता, ही माझ्या भावाची लग्नाची बायकोच नव्हे. त्याचं खरं ठरलं तर तिचं घर जाणार होतं, शेतही जाणार होतं.

"नवऱ्याचं नाव सांग," कारकून म्हणाला.

सगुणानं पदर पुढे ओढला आणि अंगणाकडे बोट केलं.

"तिकडं काय दावतीस? जीभ घरी ठेवून आलीस व्हय?" कारकून खेकसला.

लोक हसले. दीर म्हणाला, "नवराच नव्हता सायेब, नाव कुठनं आणंल?"

तिनं पुन्हा बोट केलं. कारकुनानं लिहिलं: बाई उत्तर देत नाही. अनंतरावांनी कागदातून मान वर न काढता दिराच्या बाजूनं निकाल दिला. गोष्ट सांगताना लोक हे गाळतात. गाळू नये. एवढा शिकलेला माणूस, आणि समोरची बाई त्यानं एकदाही पाहिली नाही.

दुपारी पान वाढताना पत्नी म्हणाल्या, "अहो, अंगणात काय आहे?"

"तुळस. का?"

"मी दाराआडून ऐकत होते. तिच्या धन्याचं नाव तुळाजी ना? मग ती तुळशीला तुळस कशी म्हणेल? अनंताच्या फुलाला वीस वर्षं मी पांढरं फूल म्हणतेय. उद्या मलाही बायको नव्हे म्हणाल!"

अनंतराव भरल्या पानावरून उठले. भर उन्हात, अनवाणी, दोन कोस चालत सगुणाच्या वस्तीवर गेले. एक ढग त्यांच्या डोक्यावर, त्यांच्याच पावलानं चालला, असं म्हणतात.

"बाई, तुम्ही साक्ष दिली होती. मी पाहिली नाही. चूक माझी."

सगुणा म्हणाली, "उद्या मान वर करून बसा, म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी मेजावर तुळशीची कुंडी होती. सगुणानं नुसतं बोट पुढं केलं. वारा नव्हता, तरी तुळस तिच्याकडे झुकली, असं म्हणतात. ते पाहून दीर ओरडला, "पुरं कर, वयनी!"

वयनी! आता वेगळा पुरावा कशाला? घर राहिलं, शेत राहिलं.

पुढे अनंतरावांच्या पत्नी वारल्या. तेव्हापासून, ज्याचं फूल त्या रोज खुडत, तो परसातला अनंत बारा महिने फुलत राहिला, असं म्हणतात.

आजही बोरखेडीच्या ग्रामसभेत बाई बोलायला उठली की तिच्यापुढे तुळशीची कुंडी ठेवतात. नवऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. तिचं स्वतःचं विचारतात, आणि सगळी सभा मान वर करून ऐकते. कचेरीच्या भिंतीत एक दगड आहे. त्यावर अनंतरावांचं नाव आहे, त्यांच्या दोन्ही वकील मुलांची आहेत, सगुणाचं आहे, कारकुनाचंसुद्धा आहे. जिनं पान वाढता वाढता निकाल फिरवला, तिच्यासाठी नव्या निकालपत्रात दोनच शब्द आहेत: 'घरातून कळले.'

तिचं नाव काय होतं, हे आजवर कोणीही सांगू शकलेलं नाही.