माळ्यावरची फळी

लाकडाला वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. एका कौलारू घराच्या माळ्यावर फणसाची एक फळी होती. पाय पडला की ती करकरायची. खाली तुळईला पाळणा टांगलेला होता. त्यातलं इंदूताईंचं तान्हं बाळ त्या आवाजाने दचकून उठायचं, म्हणून घरातले सगळे तिला ओलांडूनच जायचे.

शेजारच्या फळ्या डाफरायच्या, "आम्हालाही तुडवतात. आम्ही कधी तोंड उघडतो का? लेकरू झोपलंय, गुमान पड की!"

"अगं, माझ्याखाली तुळईला वाळवी लागलीय," फळी काकुळतीला येऊन सांगायची.

"तुझं आपलं काहीतरीच!"

एके दिवशी इंदूताई तांदळाचा डबा घेऊन माळ्यावर चढल्या. तोल गेला आणि पाय नेमका तिच्यावर पडला. फळीने सगळा जीव एकवटून असा आवाज केला, की खाली बाळाने टाहो फोडला.

इंदूताईंनी तडक सुताराला बोलावलं. "मेस्त्री, ही फळी उपटा आणि घाला चुलीत!"

मेस्त्रींनी पहारीने फळी उचलली. इंदूताईंनी वाकून पाहिलं. तुळईचा आतून नुसता भुसा झाला होता.

"अगं बाई! आधी बाळाला उचला!"

नवी तुळई बसली. फळी चुलीत गेली नाही, तिच्याच जागी पुन्हा ठोकली गेली. दुसऱ्या दिवशी इंदूताईंनी सवयीने तिला ओलांडायला पाय उचलला, थबकल्या आणि तो तिच्यावरच टेकवला.

फळी गप्प होती. तरी इंदूताई कान देऊन ऐकत राहिल्या.