पाटीवर काय लिहायचं?

"मग शाळा म्हणायचं की पाळणाघर? एकदाचं सांगून टाक, माय!"

भास्कर चपला काढता काढताच बोलला. मठीत आल्यावर आधी पाया पडायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग विषय काढायचा, ही तिथली रीत. पण माणूस तापलेला असला की कुठली रीत आणि कुठलं काय!

गोदामाय ओसरीवर सुपात घेवड्याचे दाणे निवडत बसली होती. चाळीस वर्षं तिनं नांदवलीत सुईणपण केलं. हात थकले तशी गावाबाहेरच्या या मठीत येऊन राहिली. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि आता तेच गाव तिला गुरू मानत होतं. भास्करही तिचा शिष्य. दर गुरुवारी न चुकता यायचा. आज मात्र शनिवार होता, आणि त्याच्या कडेवर तीन वर्षांची रेवा होती.

"हिला घेऊन उन्हातान्हाचा कुठं निघालास?"

"मग ठेवू कुठं? हिची आई मुकादमाच्या विनवण्या करायला गेलीय."

शालन, भास्करची बायको, द्राक्षाच्या पॅकिंगला जायची. रेवाला सांभाळायला कोणी नाही म्हणून आठ दिवस तिचा खाडा झाला होता. सोमवारी आली नाहीस तर तुझी जागा दुसरीला, असा मुकादमाचा निरोप होता.

"पंचायतीनं पोरांसाठी खोली दिलीय ना? बाई पण नेमलीय म्हणे."

"दिलीय की."

"मग?"

"कुलूप आहे."

"कुणी लावलं?"

भास्करनं खिसा चाचपला. आत किल्ली वाजली.

"मी..."

मग त्यानं सगळंच ओकून टाकलं. खोलीवर लावायची पाटी रंगून आली होती. चारी बाजूंनी फुलं, कोपऱ्यात मोर, मधली जागा कोरी. तिथं काय लिहायचं यावरून पालकांच्या तीन बैठका झाल्या, आणि तिन्ही भांडणात मोडल्या.

"शाळा म्हटलं की बायका उठतात. म्हणतात, शाळा बाराला सुटते, मग आम्ही काय द्राक्षं टाकून पळत येऊ? पाळणाघर म्हटलं की बापे उठतात. आमची पोरं काय टाकलेली आहेत का, म्हणून. मी पालक समितीचा अध्यक्ष. मी म्हटलं, पूर्वप्राथमिक विद्यालय. कसं भारदस्त वाटतं!"

"शालन काय म्हणते?"

"पाळणाघर." भास्करचा चेहरा पडला. "भर बैठकीत म्हणाली, माय. अध्यक्षाच्या घरातूनच विरोध! मग मीही सांगितलं, नाव ठरल्याशिवाय कुलूप निघणार नाही. आठ दिवस झाले, घरात कुणी कुणाशी बोलत नाही."

गोदामायनं सूप रेवापुढं सरकवलं.

"लाल इकडं, पांढरे तिकडं. येईल?"

रेवा मांडी घालून बसली. एक लाल, एक पांढरा. मधेच एक दाणा नाकाशी गेला, तो गोदामायनं हळूच काढून घेतला.

"किती झाले गं?"

"एक, दोन..."

"दोनानंतर काय येतं?"

"आई येते."

गोदामाय खुदकन हसली. पदरानं तिनं रेवाचं नाक पुसलं, भाकरीचा तुकडा गुळाला लावून हातात दिला. रेवानं तो अर्धा खाल्ला, अर्धा सुपात ठेवला, आणि गोदामायच्या मांडीवर डोकं टेकून झोपून गेली.

भास्कर आपला बोलतच होता. ठराव, सह्या, कोण कसं फिरलं, कोण कुणाला काय म्हणालं.

"माय, तू ऐकतेस ना?"

"ऐकतेय की. मला एक सांग. आत्ता इथं काय झालं, शाळा की पाळणाघर?"

भास्करनं सुपाकडं पाहिलं. मग पोरीकडं.

"आधी शाळा झाली... मग पाळणाघर."

"बरं. मग शाळा सुटली कुठं? नाक पुसलं तिथं, की भाकरी दिली तिथं?"

भास्करनं डोकं खाजवलं. पण अध्यक्ष माणूस, हार कशी मानणार?

"ते सगळं खरं गं. पण नावाशिवाय काही चालतं का?"

"तुझं बारसं कधी झालं रे?"

"बाराव्या दिवशी. सगळ्यांचं होतं तसं."

"तुझं नाही झालं." गोदामाय रेवाला थोपटत म्हणाली. "तुझा आजा म्हणे खंडेराव. तुझा बाप म्हणे भास्कर. दोघंही हट्टाला पेटलेले. पाळणा सजवलेला, आत्या तुझ्या कानाशी वाकलेली, बायका घुगऱ्यांसाठी ताटकळलेल्या. पण कानात सांगायचं काय? तासाभरानं आत्या कंबर धरून उठली. तीन महिने तुला नावच नव्हतं."

भास्करला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याला एकदम आईची आठवण आली. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मग... तीन महिने आई मला काय म्हणायची?"

"आता कुणाला आठवतंय? तू रडलास की घ्यायची तुला."



भास्करच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकादमाच्या दारात हात जोडून उभी असलेली शालन त्याला दिसली, आणि स्वतःची लाज वाटली. त्यानं किल्ली काढून मुठीत धरली. झोपलेल्या रेवाला अलगद खांद्यावर घेतलं, वाकून गोदामायच्या पायांना हात लावला आणि निघाला.

पायरीवर मात्र पाऊल अडलं.

"माय... पाटी पण आजच लावून टाकतो. मधे काय लिहू?"

गोदामायनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. रेवानं ठेवलेला भाकरीचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

"दार किती वाजता उघडतं, ते लिही."