घुम्याचा दगड

देवळाच्या पायरीखाली तो ढोलासारखा गोल दगड दिसतोय ना पाव्हणं, त्यावर जरा तळवा मारून बघा. मारा, मारा, फुकट आहे! घुमला की नाही? आमच्याकडे ढोल घुमतो, अंगात आलेला माणूस घुमतो, आणि दुसऱ्याचं बरं बघून जो आतल्या आत जळतो पण तोंडातून अक्षर काढत नाही, त्यालाही आम्ही घुम्याच म्हणतो. हा दगड तसल्याच एकाचा.

फार मागं, असं सांगतात, गावात मायाप्पा आणि बिरा हे दोघे चुलतभाऊ ढोल वाजवायचे. जत्रेत पहिला ठोका पडल्याशिवाय बिरोबाची पालखी उठत नाही, आणि तो मान थोरल्या मायाप्पाचा. पण बिरा वाजवायला लागला की पल्याडच्या डोंगरावरची मेंढरं माना वर करायची. पंचांनी ठरवलं, यंदा पहिला ठोका बिराचा.

मायाप्पा "बरं" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून त्याला भाकरी गोड लागेना. बायको म्हणाली, "अवं, भाऊच हाय न्हवं त्यो?" तर ताट सारून उठला म्हणे. आम्हा दुकानदारांना हे नवं नाही. लांबच्या पेठेतल्या शेटजीचा हेवा कुणी करत नाही. शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मात्र नजर तिकडंच.

जत्रेच्या सकाळी बिरा तळ्यावर आंघोळीला निघाला. जाताना ढोल भावाकडेच दिला. "दादा, एवढा ताणून ठेव. तुझ्यावानी कुणाला जमत न्हाई." मायाप्पानं ढोल ताणला, आणि पानाच्या, म्हणजे वरच्या कातड्याच्या, कडेला दाभण टोचलं. भोक दिसू नये म्हणून वरून राख चोळली.

पालखीपुढं बिरानं टिपरू मारलं, तसं पान टर्रकन फाटलं. खांदेकरी वाकले, पण पालखी जागची हलेना. बिरानं डोळे पुसले. "देवालाच माझा हात नको. दादा, तूच वाजीव."

हवं होतं ते हातात आलं. मायाप्पानं आपल्या ढोलावर ठोका दिला. ढोल मुका! दुसरा दिला, आवाज आला, पण ढोलातून नव्हे, त्याच्या पोटातून. घुम्म, घुम्म. सगळ्या जत्रेनं ऐकला म्हणे. हात थांबला तरी आवाज थांबेना.

मायाप्पानं टिपरू खाली टाकलं. "दाभण मी लावलं," म्हणाला. मग आपल्या ढोलाचं पान त्यानं स्वतः उतरवून भावाच्या ढोलावर चढवलं, आणि बोटं सोलून निघेपर्यंत दोऱ्या ओढल्या. बिरानं ठोका दिला. पोटातली घुम थांबली आणि पालखी अलगद उठली. मायाप्पाचा उघडा ढोल जिथं पडला होता तिथंच राहिला. त्याचा हा दगड झाला.

आजही पहिल्या ठोक्याचा मान ज्याला मिळतो, त्यानं आपला ढोल ज्याचा मान हुकला त्याच्याच हातात द्यायचा. ताणायचा त्यानंच. यंदा मान येळूला मिळाला, म्हाळूचा हुकला. येळूनं ढोल त्याच्या हातात दिला. "नीट ताण रं, घुम्या!"

म्हाळूनं पाय रोवून दोरी खेचली. "ताणतोय की! जळत जळतच ताणतोय."

येळूनं ढोल परत घेतला आणि तसाच गळ्यात अडकवला. पानाच्या कडेवरून बोट फिरवून बघायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे.