सात हरणांची राखण

माणसाने जंगलात पाऊल टाकण्याच्या फार आधी, सात हरणांनी वाघाची चाहूल द्यायला एक वानर झाडावर नेमला. मोबदल्यात कोवळे कोंब त्याचे. मग त्याच्यावर देखरेखीला दुसरा आला, दुसऱ्याच्या मदतीला तिसरा. बघता बघता चाळीस झाले. कोंब संपले. त्या सातांतल्या, पान हललं तरी दचकणाऱ्या एका हरिणीचं दूध आटलं, तिचं पाडस भुकेलं राहू लागलं.

एक दिवस तिला झुडपात पट्टे दिसले. "वानरदादा, वाघ!"

"ताई, ओरडायला वरच्या फांदीची मंजुरी लागते. जरा थांबा."

ती कसली थांबते! तिच्याच हाकेने सगळी हरणं पळाली.

संध्याकाळी वानरांनी एकमेकांचे सत्कार केले. "आमच्या दक्षतेमुळेच वाचलात! आता आणखी दहा नेमू."

हरिणीने पाडसाकडे पाहिलं. "नको हो दादा," ती घाबरतच म्हणाली, "वाघ बिचारा रोज तरी जेवत नाही."