मथुरेचा वाघ

“नाव खोडलं तर खोडलं, बाई. एवढं काय त्यात?”

मथुरा हे अगदी शांतपणे म्हणाली. तो शांतपणा तिला मुळीच शोभत नव्हता.

द्वारकाबाईंनी मान वर केली नाही. त्या छपाईच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढत होत्या. या छापखान्यात दगडासमोर बसलेल्या त्या पहिल्या बाई. चाळीस वर्षांपूर्वी त्या येऊन बसल्या, तेव्हा चौघे चित्रकार सतरंजीवरून उठून गेले होते. “बरं झालं, पाय पसरायला जागा झाली,” म्हणाल्या आणि दिवसभर काम करत राहिल्या.

मथुरा त्यांची शिष्या. हात तयार, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मुलांच्या मासिकाच्या मुखपृष्ठासाठी तिनं दगडावर वाघ काढला होता. उद्या तो छापायचा होता.

“मालक काय म्हणाले?”

“वाघ झकास आहे म्हणाले. पण खाली बाईचं नाव दिसलं तर लोक त्याला मांजर म्हणतील. स्वतःच्या हातानं खरवडून काढलं.”

“आणि तू?”

“म्हटलं, राहू दे. चित्र घरोघरी जाईल, तेवढं पुरे. नावाचा मोह वाईटच की. संतांनीच सांगितलंय.”

“हं…” बाई म्हणाल्या. “उपाशी माणसानं उपास केला म्हणून मिरवू नये.”

मथुरेचे कान लाल झाले…

बाई उठल्या. खरवडायचं पातं घेतलं, मथुरेच्या दगडापाशी गेल्या आणि पात्याचं टोक वाघाच्या डोळ्यावर टेकवलं.

“बाई! हे काय करताय?”

“मोह सोडवतेय तुझा. नाव गेलंच आहे, आता डोळा. मग शेपूट…”

मथुरेनं झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

“हात लावू नका! माझा वाघ आहे तो!”

यंत्र थांबलं. कामगार वळून बघू लागले. मालक आतल्या खोलीतून दारात आले.

“मोठ्यानं म्हण,” बाई म्हणाल्या. “ते आत्ताच आलेत.”

मथुरा दाराकडे वळली. तिनं मालकांकडे पाहिलं.

“माझा वाघ आहे तो.”

बाईंनी पातं खाली ठेवलं आणि खडू तिच्या हातात दिला.

“कुठं लिहू, बाई? कोपऱ्यातलं ते पुन्हा खोडतील.”

“जिथलं खोडायला वाघ मारावा लागेल, तिथं लिही.”